हान्का पुण्यात गाडी बदलते : प्रकरण चार सुटलं

माझ्या कादंबरीचं प्रकरण चार अखेर हललं! कराची ते वळिवडे, म्हणजे कोल्हापूरजवळची पोलिश निर्वासितांची छावणी, हा प्रवास किती महिने अडून बसला होता, ते तुम्हाला माहीत आहेच. तेरा वर्षांची पोलिश हान्का खिडकीशी बसते, बाहेर बघते, झोपते, उठते, पुन्हा बघते. १९४० च्या सैबेरियात आणि १९४२ च्या इराणमधल्या पहलवी बंदरावर ही पोरगी जिवंत वाटते, आणि आपल्या कोल्हापूरकडं निघाली की तिचं गाठोडं होतं, हे मला सहन होत नव्हतं.

वाट रुळांनीच दाखवली. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ पर्यंत मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांचा होता. म्हणजे रुंद रुळांवरचा ब्रॉड गेजचा डबा वळिवड्यापर्यंत येणंच शक्य नाही! कुठंतरी सगळ्यांनी उतरायचं, सामान उतरवायचं आणि अरुंद गाडीत चढायचं. मी पुणं धरलंय. फलाटावर आई तापानं फणफणलेली, धाकटा यानेक झोपेत पेंगतोय, अंगाखालच्या गोधडीचं टोक त्यानं मुठीत धरलंय. घर सुटल्यापासून 'चला' म्हणायची ती आईच. इथं पहिल्यांदा हान्का म्हणते. हमालाला खुणेनं थांबवते, गाठोडी मोजते, आईचा हात आपल्या खांद्यावर घेते. माझ्या मते ती मोठी होते ती इथंच.

गेज, जंक्शनं, गाड्या जुळवायच्या असतील तर जुनं ब्रॅडशॉ वेळापत्रक मिळवाच. आठवणींच्या पुस्तकांत माणसं सापडतात, गाडी कुठं बदलली ते क्वचितच. मराठी टायपिंगचं माझं जुनं सॉफ्टवेअर मात्र आता बंद. फाँट बदलताना त्यानं सगळे रफार उडवले आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

रुकडी सुटली की पंचगंगेचा पूल, मग वळिवडे. नदीचं वर्णन दीड पान होतं, ते एका ओळीवर आणलं. हान्का तेव्हा यानेकची चप्पल शोधतेय, तिला नदी कशी दिसणार?

छावणीतल्या प्रकरणांत ती आता 'मी जातो की' म्हणते, गावातल्या बायकांसारखी. पुण्याच्या मैत्रिणीनं ते 'जाते' करून पाठवलं. मी परत 'जातो' केलं आणि ते तसंच राहणार.

आणि हे लिहिता लिहिताच वाटतंय, कादंबरी पुण्याच्या फलाटावरूनच सुरू का करू नये? सैबेरिया मग तुकड्यातुकड्यांनी येईल, छावणीत रात्री आई बोलेल तसा. शेवटालाही त्यानं बळ येईल. १९४८ मध्ये छावणी उठते तेव्हा तिचं पोलंडमधलं ल्वूफ शहर सोव्हिएत हद्दीत गेलेलं आहे, परतायला घरच नाही. इंग्लंडला जायचं की आणखी कुठं, हे आईनं नव्हे, तिनं ठरवायचं. म्हणजे प्रकरण एक आणि दोन मोडून पुन्हा बांधायची. या आठवड्यात तेच.

मीटर गेजच्या तिसऱ्या वर्गातली बाकडी, खिडक्यांचे गज, दाराची कडी कुणाच्या घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, तर जरूर विचारून कळवा. मिरजेच्या रेल्वेवाल्या घरांतून तर नक्कीच.