172.5 सेंटीमीटर म्हणजे नक्की कुणाची उंची?

दक्षिण कोरियाच्या आठव्या राष्ट्रीय शरीरमोजणीचा निकाल 2022च्या मार्चमध्ये लागला. पुरुषांची सरासरी उंची 172.5 सेंमी, बायकांची 159.6. पहिली मोजणी 1979ची; तिच्या तुलनेत पुरुष 6.4 आणि बायका 5.3 सेंमीने वाढल्या. बातम्यांत एवढंच आलं. मोजणाऱ्याच्या दृष्टीने खरी गंमत या आकड्यांच्या मागे आहे.

आधी 'सरासरी' म्हणजे कुणाची ते बघू. मोजणीत 20 ते 69 वयाचे लोक होते. त्यातला पासष्टीचा माणूस कोरियन युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत जन्मलेला, म्हणजे वाढीच्या वयात पोटाला पुरेसं मिळालेलं नाही. शिवाय पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजून तो आणखी थोडा आखूड झालेला. विशीतला मुलगा सुबत्तेत वाढलेला. दोघांना एकाच टोपलीत टाकून काढलेला आकडा 'आजचा कोरियन तरुण' सांगत नाही. तरुण त्यापेक्षा उंच असतो. वयोगट न विचारता कोरियन उंचीवर बोलूच नये.

दुसरी गोष्ट, उभं कसं केलं. अनवाणी, टाचा जुळलेल्या, पंजे थोडे फाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं. डोकं फ्रँकफर्ट प्रतलात, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी जराशी वर गेली की डोक्याचा माथा मागे कलतो आणि उंची कमी भरते. 'छाती काढून ताठ उभे राहा' म्हटलं की लोक नेमकी हनुवटीच उचलतात, म्हणून मोजणाऱ्याने शेजारी उभं राहून बाजूने बघायचं. वेळही लिहून ठेवायची. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची आणि संध्याकाळची उंची यांत सहज एक सेंमीचा, कधी त्याहून जास्त फरक पडतो. बेचाळीस वर्षांत सहा सेंमी वाढ मोजायची असेल तर एक सेंमी ही क्षुल्लक बाब नाही.

कमरेचं तर विचारूच नका. कोरियन मोजणीत कमरेचा घेर आणि बेंबीच्या पातळीवरचा घेर ही दोन वेगळी मापं आहेत, आणि ते बरोबरच आहे. कपडे शिवणाऱ्याला जिथे कंबर सर्वांत बारीक तिथला घेर हवा. डॉक्टर शेवटची बरगडी आणि नितंबाच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध पट्टी धरतात. पोट सुटलेल्या माणसात या तीन जागांवर तीन आकडे येतात. आता कोरियात पोटाच्या स्थूलतेची सीमा पुरुषांना 90 आणि बायकांना 85 सेंमी. आपल्याकडे 90 आणि 80. शिंप्याचं माप घेऊन डॉक्टरची सीमा लावली की सीमेवरची बरीच माणसं चुकीच्या बाजूला पडतात. माप श्वास सोडल्यानंतर घ्यायचं, पट्टी मागच्या बाजूला घसरलेली नाही ना ते आरशात बघायचं. पट्टी बहुतेक वेळा मागेच घसरते.

2003-04च्या पाचव्या मोजणीपासून त्रिमितीय स्कॅनर आला. यंत्र आलं म्हणजे चूक गेली असं वाटतं, पण चूक फक्त दुसरीकडे सरकते. काख आणि जांघ यंत्राला दिसावी म्हणून हात शरीरापासून दूर आणि पाय फाकवून उभं करतात. पाय फाकवले की उंची घटते. केस टोपीत दाबले नाहीत तर माथा फुगतो. उजेडाची रेघ खाली सरकत असताना माणसाने श्वास घेतला की छातीचा घेर बदलतो. म्हणून स्कॅनवरचं माप हाताच्या मापाशी ताडून बघायचा आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात उंचीच्या मापांना 4 मिमीचा फरक चालतो, मोठ्या घेरांना 9 मिमी. हाताच्या पंजाला फक्त 1 मिमी. एकाच माणसाने एकच माप दोनदा घेऊन त्यातला फरक तपासणं हे तर रोजचं काम. फरकांच्या वर्गांची बेरीज, भागिले मापलेल्या माणसांच्या संख्येची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. ही संख्या ज्या अहवालात नाही तो मी बाजूला ठेवतो.

हाडांकडे वळलो की अडचण वेगळी. जोसन राजघराण्याच्या काळातल्या (चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्यापर्यंत) सांगाड्यांवरून पुरुषांची उंची सुमारे 161 आणि बायकांची सुमारे 149 सेंमी काढली गेली आहे. 116 जणांच्या मांडीच्या हाडांवरून, जपानी लोकांसाठी बनवलेल्या सूत्राने. म्हणजे हे मोजलेले आकडे नाहीत, अंदाज आहेत. अंदाज किती सैल असतो ते बघा. कोरियन युद्धातल्या अमेरिकन मृत सैनिकांवरून ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी 1958 मध्ये जी सूत्रं दिली, त्यात आशियाई वंशाच्या पुरुषांसाठी उंची = 2.15 × मांडीच्या हाडाची लांबी + 72.57. हाड 42.0 सेंमी असेल तर उत्तर 162.87. त्याची प्रमाण त्रुटी 3.80, आणि दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरायची. म्हणजे खरा माणूस साधारण 155 ते 170 मध्ये कुठेही असू शकतो! गटाची सरासरी काढायला हे ठीक, पण एखाद्या सैनिकाची ओळख पटवायची असेल तर नुसत्या उंचीने फार थोडे लोक गळतात. युद्धातल्या बेपत्ता सैनिकांचे अवशेष शोधून ओळखणारं दक्षिण कोरियाच्या संरक्षण खात्याचं पथक शेवटचा निर्णय डीएनएवर घेतं, ते यामुळेच.

हाड मापताना सर्वाधिक घोळ होतो तो कमाल लांबीचा. मापनफळीवर हाड किंचित हलवत सर्वांत मोठा आकडा शोधायचा ही कमाल लांबी. गुडघ्याकडच्या दोन्ही गाठी फळीला टेकवून घेतलेली लांबी काही मिलिमीटर कमी येते. सूत्र एका मापाचं आणि आकडा दुसऱ्याचा असला की चूक कायमची घुसते. नडगीच्या हाडाबाबत खुद्द ट्रॉटर यांच्याच जुन्या मापांत घोट्याची टोकदार कड धरली गेली नव्हती, हे कित्येक वर्षांनी लक्षात आलं. तोवर ती सूत्रं जगभर वापरून झाली होती.

शिवाय कोरियाची माती बरीच आम्लधर्मी, ग्रॅनाइटची. साध्या खड्ड्यात पुरलेली हाडं विरघळून जातात. जोसन काळात चुना, माती आणि वाळूच्या मिश्रणाने बंद केलेल्या थडग्यांत मात्र ती टिकतात, कधी अख्खी ममीसुद्धा सापडते. असली थडगी ऐपतदार घराण्यांचीच. म्हणजे टिकलेल्या हाडांत खाऊनपिऊन सुखी लोकांचा वाटा जास्त असणार.

नमुन्याची हीच अडचण उत्तर कोरियाबाबतही आहे. तिथून आलेल्या लोकांची उंची दक्षिणेत मोजली गेली आणि ते बुटके भरले, यात शंका नाही. सोलमधल्या मानवशास्त्रज्ञ पाक सुन-यंग यांचं यावर काम आहे. पण निघून येणारे बहुतेक चीनच्या सीमेला लागून असलेल्या हामग्यंग प्रांतांतले, जिथे नव्वदीच्या दशकातला दुष्काळ सर्वांत कडक होता. प्याँगयांगचा माणूस त्या नमुन्यात जवळजवळ नाही.

डोक्याच्या मापाला मात्र डाग लागलेला आहे. रुंदी भागिले लांबी गुणिले 100, एवढंच गणित. लांबी भुवयांमधल्या फुगवट्यापासून मागच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत. कॅलिपरने केस दाबूनच. 180 मिमी लांब आणि 155 मिमी रुंद डोक्याचा निर्देशांक 86.1, म्हणजे अतिरुंद. कोरियन डोकी रुंद भरतात, पण बाळाला उताणं झोपवण्याने मागचा भाग चपटा होऊन लांबीच कमी होते, तेव्हा त्यावरून वंश काढणं पोरकटपणा. जपानी राजवटीत तसंच झालं. 1921 मध्ये सोलच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एक कवटी नाहीशी झाली, तेव्हा शरीररचनेचे प्राध्यापक कुबो ताकेशी यांनी कोरियन विद्यार्थ्यांवरच आळ घेतला आणि कोरियन लोक शरीररचनेनेच रानटी असल्याचं म्हटलं. विद्यार्थी वर्गावर बहिष्कार टाकून बाहेर पडले. मापनाची रीत मूळची जर्मन, मानवशास्त्रज्ञ रुडोल्फ मार्टिन यांची. त्याच जर्मन मुशीत बर्लिनला तयार झालेल्या इरावती कर्वे यांनी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजू मोजल्या, आणि त्यांच्या मार्गदर्शकाला हवा असलेला वंशश्रेष्ठतेचा पुरावा त्या मापांतून निघाला नाही.