आमची वाटचाल : सकाळी चालतो, दुपारी मरतो

२०१३ साली चिपळूणजवळ खेर्डीच्या एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला, तेव्हा आमच्याकडे एक जुना लेथ, एक सरफेस प्लेट आणि वडिलांची हत्यारपेटी एवढंच होतं. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. पाना धरायला त्यांनीच शिकवलं, पण हायड्रॉलिक पंप, म्हणजे तेल दाबाने ढकलून यंत्राला ताकद देणारा पंप, त्यांनीही कधी उघडला नव्हता. ते मी मुंबईत शिकलो आणि बायकोचे दागिने गहाण टाकून गावी आलो. (पाटल्या अजून सुटायच्यात. तो विषय घरी नको.)

काम मिळालं ते पोकलेनच्या ॲक्सियल पिस्टन पंपांच्या दुरुस्तीचं. महामार्गाचं चौपदरीकरण, क्रशर, चिरेखाणी, गिऱ्हाईक दारात. या पंपात फिरत्या ब्लॉकमध्ये सात किंवा नऊ पिस्टन असतात. त्यांच्या टोकाचे शू तिरक्या स्वॉश प्लेटवर घसरत जातात, म्हणून पिस्टन आत-बाहेर होतो. पोरं विचारतात, आठ का नाहीत? विषम संख्येत तेलाचा प्रवाह कमी हिसके घेतो. आठपेक्षा सातचा पंप जास्त एकसारखं तेल देतो, हे कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही.

पहिल्याच वर्षी आमचं नाक कापलं गेलं. एका चिरेखाणवाल्याचा पंप उघडला, व्हॉल्व्ह प्लेट (तेलाला आत-बाहेर वाट देणारी चकती) लॅप केली, म्हणजे घासून सपाट केली, शू बदलले, टेस्ट केला, उत्तम. तिसऱ्या दिवशी तो पंप टेम्पोत घालून परत. "सकाळी चालतो, दुपारी मरतो," एवढंच बोलला आणि पैसे मागितले. दिले.

चूक टेस्टमध्ये होती. आम्ही थंड तेलावर तपासत होतो. ४६ ग्रेडचं तेल ४० अंशांना जेवढं जाड असतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी जाड ६० अंशांना राहतं, आणि तेल पातळ झालं की सरकत्या भागांमधल्या फटीतून त्या प्रमाणात जास्त गळतं. त्याहून वाईट हिशोब फटीचा. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. इथे फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या, म्हणजे खाणीची धूळ फिल्टर चुकवून आत गेली तरी निकाल लागतो.

मग टेस्ट बेंच बांधला. ३० किलोवॅटची मोटर, लोड व्हॉल्व्ह, दोन गेज, थर्मामीटर. ४५ सीसीचा (एका फेऱ्यात ४५ घन सेंटिमीटर तेल ढकलणारा) पंप १५०० आरपीएमला हिशोबाने मिनिटाला ६७.५ लिटर देतो. केस ड्रेनची, म्हणजे पंपात आतल्या आत गळलेलं तेल बाहेर काढणारी, नळी मापाच्या भांड्यात सोडायची आणि घड्याळ लावायचं. त्याच प्रकारचा पंप २०० बार दाबाला तेल थंड असताना मिनिटाला २ लिटर गाळायचा, गरम झाल्यावर ८. त्या दिवसापासून प्रत्येक पंपाचे दोन्ही आकडे वहीत. तेल ६० अंशांवर गेल्याशिवाय पंप बाहेर जात नाही. गिऱ्हाईक चहा पितं, थांबतं, कुरकुरतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी गाळ्यात आली. मोटर रिवाइंड करावी लागली, लेथ गंजला. वही चिखलात सापडली. बॉलपेनने लिहिलेली पानं वाचता आली, शाईची नाही. नंतर महिनाभर पुरात बुडलेल्या यंत्रांचेच पंप येत होते. गढूळ पाण्याने शूंवर पडलेले ओरखडे नखाला लागायचे.

त्यानंतर एम.टेक.चा एक मुलगा प्रोजेक्टसाठी आला. वहीचे आकडे त्याने आलेखात मांडले. खाणीच्या पंपांची गळती हळूहळू चढत गेलेली दिसली. बोटींच्या विंचचे (जाळं ओढणाऱ्या यंत्राचे) जे थोडे पंप होते त्यांची मात्र काही काळ शांत आणि मग एकदम वर. त्यांचं तेल दुधासारखं आलेलं असायचं, व्हॉल्व्ह प्लेटवर गंजाचे ठिपके. खाऱ्या पाण्याने आधी पृष्ठभाग खाल्ला जातो, फट मागाहून वाढते, असं मला वाटतं. मुलगा म्हणतो, एवढ्या थोड्या पंपांवर असं म्हणता येणार नाही. बरोबर आहे त्याचं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा विंच दुरुस्तीला निघतात. या पावसाळ्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सात पंप आलेत. पहिले दोन उघडण्याआधी तेलाचे नमुने बाटल्यांत भरून ठेवलेत, तारीख बॉलपेनने.