शून्य टक्क्यांचा रकाना

भातावरच्या करप्याच्या बुरशीतलं एक एन्झाइम घेऊन आम्ही नवं बुरशीनाशक शोधत होतो. ते एन्झाइम म्हणजे एक प्रथिन; ते शुद्ध झालं, त्याला थोपवणारं एक संयुगही सापडलं. पुढचे पाच महिने मात्र मंजुरीच्या फॉर्मातल्या एका रकान्यानं खाल्ले: ‘प्लेटवर बुरशीची वाढ किती टक्के थांबली?’

प्रामाणिक उत्तर होतं शून्य. हे एन्झाइम मेलॅनिन, म्हणजे बुरशीचं काळं रंगद्रव्य, तयार करण्याच्या साखळीतलं. ते बंद पडलं तरी प्लेटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीतल्या खाद्यावर, बुरशी मजेत पसरते, फक्त काळपट होण्याऐवजी तांबूस दिसते. खरी अडचण तिला पानावर येते. पानात घुसण्यासाठी ती घुमटासारखी एक पेशी बनवते. तिच्या भिंतीत मेलॅनिनचा थर असतो आणि आत ८ मेगापास्कलपर्यंत दाब साठतो, म्हणजे चारचाकीच्या टायरच्या तीस-पस्तीस पट. थर नसेल तर दाब टिकत नाही, बुरशी बाहेरच राहते.

हे सगळं जोडपत्रात लिहिलं. फॉर्म परत आला: ‘परिणामकारकता सिद्ध होत नाही.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर शेरासुद्धा तोच, बहुधा कॉपी-पेस्ट. तिसऱ्या वेळी मी जेवणसुद्धा टाकलं होतं, लॅबमधल्या मॅडमनी बळेच उठवलं.

शेवटी वाद घालणं सोडलं आणि शेजारच्या प्लेटवर ट्रायसायक्लॅझोल ठेवलं. शेतकरी करप्यावर कित्येक वर्षं फवारतात तेच, आणि तेही याच साखळीवर घाव घालतं. तिथंही वाढ चालूच, रंग तोच तांबूस! दोन्ही प्लेटचे फोटो शेजारी-शेजारी चिकटवले. तुम्ही अशा कामात असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

सोबत पानांची चाचणी जोडली. तिथंही आधी मीच माती खाल्ली होती. बीजाणू नीट चिकटावेत म्हणून पानं हलकी खरवडली, आणि संयुग फवारलेल्या पानांवरही डाग उठले. जखमेतून आत जायला बुरशीला दाब लागतच नाही! पान अखंडच हवं, आणि फवारणी बीजाणूंच्या आधी. तशी केली तेव्हा आठवड्यानंतरही पानं हिरवीगार.

चौथ्यांदा फॉर्म मंजूर झाला. रकान्यात शून्यच होतं.

हो, एक राहिलं. एन्झाइमची चाचणी ३४० नॅनोमीटरला घेत असाल, म्हणजे त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजून, तर तुमचं संयुग स्वतःच तिथं प्रकाश शोषतं का, ते आधी बघा. माझी पहिली दोन ‘जबरदस्त’ संयुगं त्यातच गेली.