सायकलचा मागचा दिवा आणि ओळखपत्र

नोव्हेंबरमध्ये इथे नेदरलँड्समध्ये साडेचारलाच अंधारून येतं. त्या दिवशी मी घरून फक्त फोन घेऊन निघाले होते, कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानातून कोथिंबीर आणायला. येताना घरापासून दोन चौक अलीकडे सायकलवरच्या दोन पोलिसांनी हात केला. माझ्या सायकलचा मागचा दिवा बंद होता. सेल कधी संपले, मला पत्ताच नव्हता.

त्यातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "लेझिटिमात्सी, अल्स्टुब्लीफ्त." ओळखपत्र दाखवा.

कार्ड घरी, पर्समध्ये. मी फोनमधला त्याचा फोटो पुढे केला. त्यांनी मान हलवली. फोटो चालत नाही, झेरॉक्सही चालत नाही, मूळ कार्डच लागतं. मग नाव, जन्मतारीख, पत्ता विचारून त्यांच्या यंत्रावर पडताळून पाहिलं आणि दिव्याचा तेवढा दंड लावून मला सोडलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. बोलण्यात कुठेही उर्मटपणा नव्हता. तरी घरी आल्यावर बराच वेळ माझी छाती धडधडत होती.

रात्री साताऱ्याला फोन केला, तर आई म्हणाली, "मग घेऊन जायचं की कार्ड बरोबर! आपल्याला काय लपवायचंय?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. उत्तर शोधायला मला शेजारी जावं लागलं.

आधी इथला कायदा सांगते. १ जानेवारी २००५ पासून नेदरलँड्समध्ये १४ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, नागरिक असो की आमच्यासारखे बाहेरून आलेले, पोलिसांनी मागितल्यावर ओळखपत्र दाखवावं लागतं. कायदा करताना सरकारने दोन शब्दांत फरक केला. एक 'द्राखप्लिख्त', म्हणजे जवळ बाळगण्याचं बंधन, आणि दुसरा 'तोनप्लिख्त', म्हणजे दाखवण्याचं बंधन. आमचा कायदा दुसऱ्या प्रकारचा, असं ते सांगतात. पण मूळ कार्ड तिथल्या तिथे दाखवायचं तर ते खिशात असायलाच हवं, मग फरक उरला कुठे? या कायद्यातला खरा कामाचा भाग वेगळाच आहे. पोलिसांना उगाच कोणालाही थांबवून कार्ड मागता येत नाही, त्यांच्या कामाशी संबंधित कारण लागतं. माझ्या बाबतीत ते होतं, बंद दिवा.

हे सगळं मी शेजारच्या आजींना सांगितलं. त्यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. उठून कपाटाच्या खालच्या खणातून एक पाकीट आणलं. आत राखाडी रंगाचं घडीचं कार्ड होतं, त्यांच्या आईचं, १९४१ सालचं. एका बाजूला विशीतल्या मुलीचा फोटो, केस मागे ओढून बांधलेले. शेजारी बोटाचा ठसा. त्या ठशाच्या रेषा अजून मोजता येतील इतक्या स्वच्छ होत्या. घडीवर कार्ड विरत आलं होतं, म्हणून आजींनी ते माझ्या हातात दिलं नाही, टेबलावरच उघडून ठेवलं.

"आईच्या वर्गातल्या एका मुलीच्या कार्डावर 'J' हे अक्षर होतं," त्या म्हणाल्या. 'J' म्हणजे ज्यू. ती मुलगी परत आली नाही.

या कार्डाची हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. याकोब लेंट्स नावाच्या डच अधिकाऱ्याने ते तयार केलं. बनावट करता येणार नाही असं कार्ड करायचा त्याला ध्यासच होता. जर्मन यायच्या आधी, मार्च १९४० मध्ये, डच सरकारकडे सक्तीच्या कार्डाची कल्पना गेली तेव्हा ती नाकारली गेली होती. प्रत्येक नागरिकाकडे गुन्हेगार असल्यासारखं बघणं हे आपल्या रीतीत बसत नाही, असं कारण दिलं गेलं. दोन महिन्यांत देश जर्मनांच्या ताब्यात गेला आणि लेंट्सला हवं होतं ते मिळालं. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंनी स्वतःहून नोंदणी करावी असा हुकूम निघाला. जवळजवळ सगळ्यांनी केली, कारण सरकारी हुकूम पाळायची सवय होती आणि लपवण्यासारखं आपल्याजवळ काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,०००हून अधिक मारले गेले.

खोटी कार्डं करणारे होते, आणि बरेच होते. पण पोलिसाने नगरपालिकेच्या नोंदीशी ताडून पाहिलं की खोटं कार्ड उघडं पडायचं. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री ॲमस्टरडॅममधल्या प्लांटाखे केर्कलान या रस्त्यावरच्या नोंदणी कार्यालयात काही जण पोलिसांचे गणवेश घालून शिरले. त्यांचे म्होरके होते शिल्पकार खेरित फान देर फेन आणि चित्रकार विलेम आरोंदेउस. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत नेऊन ठेवलं आणि नोंदींना आग लावली. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी मुद्दाम भरपूर पाणी मारलं, जळालं नाही ते भिजून जावं म्हणून. एवढं करूनही नष्ट झाल्या त्या सुमारे १५ टक्केच नोंदी. पुढे १ जुलैला १२ जणांना गोळ्या घातल्या, त्यांत आरोंदेउस होता. मी १४ नंबरच्या ट्रामने तिथे जाऊन आले. भिंतीवर त्यांची नावं कोरलेली आहेत, आणि चिमुकल्यांच्या बाबागाड्या त्यांच्यासमोरून प्राणिसंग्रहालयाकडे जात असतात.

आईच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. नगरपालिकेच्या नोंदींत धर्माचा रकाना जर्मनांनी आणला नव्हता, तो आधीपासूनच होता. भरणाऱ्यांनी तो विश्वासाने भरला होता. आजींच्या आईच्या त्या मैत्रिणीला काहीच लपवायचं नव्हतं. नोंद कोणाच्या हातात जाणार हे तिला ठरवता आलं नाही, एवढंच.

आणि हे फक्त युद्धकाळातलं आहे असं समजू नका. २०१८ मध्ये आइंडहोफन या डच शहराचे कृष्णवर्णीय नगरसेवक म्पान्झू बामेंगा रोमहून परत येत होते, तेव्हा त्यांना विमानतळावर तपासणीसाठी बाजूला काढलं गेलं. ते कोर्टात गेले, ॲम्नेस्टी इंटरनॅशनलही सोबत होती. पहिल्या कोर्टात हरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की सीमेवरच्या तपासणीसाठी माणूस निवडताना त्याचा वंश हा निकष लावता येणार नाही. हा निकाल मला जवळचा वाटतो. आमच्यासारख्या सावळ्या माणसांसाठी कार्ड खिशात आहे की नाही, याआधीचा प्रश्न असतो, मलाच का थांबवलं?

म्हणून माझं मत सांगते. कारण असेल तर ओळख दाखवायला माझी ना नाही. पण कारण नसतानाही प्रत्येक नागरिकाने चोवीस तास कार्ड जवळ ठेवलंच पाहिजे, ही सक्ती मला मान्य नाही. कोथिंबीर आणायला निघालेल्या बाईने आपण कोण हे सिद्ध करायची तयारी ठेवूनच उंबरठा ओलांडावा, हे मला पटत नाही.

आपल्याकडे पहिलं आधार २०१० च्या सप्टेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातल्या एका महिलेला मिळालं. तेव्हापासून रेशन, पेन्शन, बँक सगळीकडे आईला ते लागतं, आणि तिला त्याचा उपयोगही झाला आहे, ते मी नाकारत नाही. ते सतत जवळ बाळगायची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आधारच्या नोंदीत धर्म, जात, जमात घेऊच नये असं त्या कायद्यातच लिहिलं आहे. हे किती मोठं आहे ते मला इथे आजींच्या टेबलाशी बसल्यावर कळलं. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात असतेच. जातीच्या नोंदीशिवाय आरक्षण मिळणार नाही, शतकांचा अन्याय मोजताही येणार नाही, म्हणून ती नोंद हवीच. ती रोज दाखवायच्या ओळखपत्राला मात्र कधीही जोडली जाऊ नये.

जनगणनेत जात विचारली जाणार आहे. आईने ती जरूर सांगावी, असं मी तिला म्हटलं. १९४८ च्या जनगणना कायद्यातल्या १५ व्या कलमाप्रमाणे एकेका माणसाने दिलेली माहिती कोणाला पाहता येत नाही, ती पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. असं कुलूप प्रत्येक ओळखपत्रामागच्या नोंदवहीला लागावं, एवढंच मला हवं आहे. आईने फोनवर हे सगळं ऐकून घेतलं आणि त्या मुलीचं नाव विचारलं. मी ते आजींना विचारलं नव्हतं. उद्या विचारते म्हटलं.