ग्रिप घासण्याआधी साईट बघा

नवं एअर पिस्तूल हातात आलं की पंधरा दिवसांत प्रश्न येतोच: "ग्रिप टोचतेय, कुठे घासू?" ग्रिप म्हणजे पिस्तुलाची मूठ. घासायच्या जागा पुढे सांगतो, पण आधी कानस खाली ठेवा. हाताला भरीव, गुबगुबीत वाटणारी ग्रिप बरोबर असेलच असं नाही. हात वर आला की फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या साईटच्या खाचेच्या मधोमध, वरच्या कडेला समतल येऊन थांबली पाहिजे, आणि त्यासाठी मनगटाला काही करावं लागता कामा नये. ग्रिप घडवायची ती एवढ्यासाठी.

हिशेब करून बघा. दोन साईटमधलं अंतर साधारण 320 मिमी धरा, टार्गेट 10 मीटरवर. फ्रंट साईट खाचेत 1 मिमी सरकली तर टार्गेटवर पेलेट (छर्रा) 31 मिमी सरकतं. दोन रिंगांमध्ये अंतर 8 मिमी, म्हणजे जवळजवळ चार रिंग गेल्या. दहाच्या रिंगचा व्यास 11.5 मिमी आणि पेलेट 4.5 मिमीचं, त्यामुळे दहा मिळायला पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिमीच्या आत हवा. खाचेतल्या भाषेत ही सूट पाव मिलिमीटर! तेवढी दुरुस्ती दर शॉटला मनगटाने करता येते, पण फार तर वीस शॉटपर्यंत. मॅच 60 शॉटची असते आणि 75 मिनिटं चालते.

म्हणून पहिली चाचणी डोळे मिटून. हवेचा सिलेंडर काढून ठेवा, चेंबर रिकामं आहे हे बघा, समोर कोरा पांढरा कागद लावा. पिस्तूल उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, हात नेहमीसारखा स्थिरावू द्या आणि डोळे उघडा. फ्रंट साईट कुठे आहे ते लिहा: वर, खाली, डावी, उजवी. असं दहा वेळा, प्रत्येक वेळी ग्रिप सोडून नव्याने पकडून. दहापैकी सात-आठ वेळा चूक एकाच बाजूला असेल तर ती ग्रिपची. चारही दिशांना विखुरली असेल तर पकडच रोज वेगळी आहे, आणि कितीही पुट्टी भरली तरी ती सुधारणार नाही.

चूक वर-खाली असेल तर लाकडाला हात लावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आजकालच्या मॅच पिस्तुलांत ग्रिपचा कोन स्क्रूने बदलतो. मोरिनी, स्टायर, वॉल्थर या कंपन्यांची प्रत्येकाची रचना वेगळी आहे, पुस्तिकेत बघून घ्या. स्क्रू पाव फेरा फिरवा, पुन्हा दहा लिफ्ट करा, म्हणजे पिस्तूल उचलून वरचीच चाचणी. ट्रिगरचंही तेच. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर सरळ मागे ओढणारा बसला पाहिजे आणि बाकीचं बोट लाकडापासून सुटं. बोट पोचत नाही म्हणून लोक ग्रिपची पाठ घासतात, जेव्हा ट्रिगरच मागे सरकवता येतो.

डाव्या-उजव्या चुकीला मात्र आकारच बदलावा लागतो, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. उजव्या हाताने मारणाऱ्याची ग्रिप वरून पाहिल्यासारखी डोळ्यांसमोर आणा. तिच्या मागच्या कडेच्या डावीकडे अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग बसतो, उजवीकडे करंगळीखालचा गादीसारखा भाग. फ्रंट साईट उजवीकडे दिसते म्हणजे नळी उजवीकडे बघतेय. अंगठ्याच्या मुळाखाली भर घातली की ग्रिपचा मागचा भाग उजवीकडे ढकलला जातो आणि नळी डावीकडे वळते. फ्रंट साईट डावीकडे दिसत असेल तर भर करंगळीखालच्या गादीच्या बाजूला. डाव्या हाताने मारणाऱ्यांनी सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं धरावं.

पुट्टी कालवण्याआधी हे टेपवर करून बघा. मेडिकलमध्ये मिळणारी कागदी सर्जिकल टेप घ्या, 2 सेंमी लांबीचे तुकडे एकावर एक चिकटवा, दोन-तीन थर झाले की लिफ्ट करा. साईट मध्यावर येऊन बसली की टेपवर दोन-तीन दिवस ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव) करा. आवडलं नाही तर सोलून टाका. लाकूड असं परत चिकटत नाही.

आता भर घालण्याचं काम. इपॉक्सी पुट्टी ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, एम-सीलचं छोटं पाकीट पुरतं. भिंतीला लावतात ती लांबी (वॉल पुट्टी) वापरू नका, घामाने भुसभुशीत होते. आधी ग्रिपला खडू फासून पिस्तूल धरा. खडू जिथे तसाच राहिला तिथे हात टेकत नाही. त्या जागेचं पॉलिश 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण उतरवा, स्पिरिटने पुसा, 2 मिमीच्या ड्रिलने 3 मिमी खोल अशी चार-पाच भोकं पाडा. तेल प्यालेल्या अक्रोडाच्या लाकडावर पुट्टी नुसती चिकटत नाही, महिन्याभरात पापुद्र्यासारखी निघते. ही भोकं तिला धरून ठेवतात.

दोन्ही भाग समसमान घेऊन, हातमोजे घालून, एकच रंग येईपर्यंत तीन-चार मिनिटं मळा. कुठे पांढरी-काळी रेघ दिसत असेल तर ती जागा कायम मऊ राहणार. एका वेळी 2 ते 3 मिमीपेक्षा जाड थर नको. वर क्लिंग फिल्म टाका, ग्रिप पिस्तुलावर चढवलेली असू द्या आणि शूटिंगच्या पोझमध्ये हात वर धरा, वीस-तीस सेकंद. टेबलावर बसून मूठ आवळून घेतलेला ठसा बहुतेकांचा इथेच फसतो: आवळलेल्या हाताचे स्नायू फुगलेले असतात, मग मॅचमधल्या नेहमीच्या पकडीत तिथे पोकळी राहते. हात खाली घ्या, कडेने बाहेर आलेली पुट्टी ओल्या बोटाने सपाट करा, पुन्हा उचला. तीन-चार वेळा. मे महिन्यात घोडबंदरच्या बंद फ्लॅटमध्ये पुट्टी पाकिटावरच्या वेळेच्या बरीच आधी घट्ट होते, तेव्हा थोडी थोडी कालवा. चोवीस तास तिला हात लावू नका.

भर घालताना एक आकडा डोक्यात ठेवा: 50 मिमी. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे 10 मीटरचं पिस्तूल 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, आणि तळव्याच्या बाजूचा फुगवटा वाढवत नेला की अडतं ते याच रुंदीत. पुठ्ठ्याची पेटी करून घरीच बसवून बघा. वजन 1500 ग्रॅमच्या आत, ट्रिगर ओढायला लागणारा जोर किमान 500 ग्रॅम. पुट्टीचं वजन थोडंच, पण आधीच वजनं लावली असतील तर काट्यावर ठेवा. मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे. पाम शेल्फ, म्हणजे तळहाताखालची फळी, ग्रिपशी 90 अंशांपेक्षा कमी कोनात नको आणि तिची कड वर वळलेली नको. अंगठ्याच्या आधाराला वर झाकण नको, अंगठा मोकळा वर उचलता आला पाहिजे. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीच्या, टेबलावर घासाघीस करायची वेळ येते ती बहुतेक या दोन जागांसाठी.

पाम शेल्फ बसवायची वेळ चुकते. सकाळी गार हाताला नेमकी बसवलेली फळी अर्ध्या तासाने चिमटा काढते, कारण धरून धरून हात फुगतो. पंधरा-वीस मिनिटं लिफ्ट करा आणि मग स्क्रू आवळा. फळीने हाताला खालून नुसता स्पर्श करायचा, दाबायचं नाही. दाब जास्त झाला की बोटं पांढुरकी पडतात आणि साईट बारीक थरथरते. फळीच्या स्क्रूचे आटे लाकडातच गेले असतील तर ग्रिप बदलू नका. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडून पितळी बुश (आतून आटे असलेली छोटी पुंगळी) करून घ्या आणि तो इपॉक्सीने बसवा.

लाकूड कमी करायला अर्धगोल कानस, एका वेळी अर्धा मिलिमीटर, की लगेच लिफ्ट. ग्रिप पिस्तुलाला धरून ठेवणाऱ्या मुख्य बोल्टच्या आजूबाजूला हात लावू नका. तिथली भिंत पातळ झाली की बोल्ट आवळताना लाकूड उभं चिरतं. बोटांच्या खाचांमधले उंचवटे तुमच्या बोटांच्या जाडीला जुळत नसतील तर बिनधास्त उडवा, चुकीच्या जागी असलेला उंचवटा बोटाला रोज वेगळीकडे ढकलतो. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खालच्या बाजूला टेकलेलं हवं. तिथे फट राहिली तर सामन्याच्या उत्तरार्धात हात हळूहळू वर-खाली होत राहतो. जोर मधल्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाचा, सरळ मागे. अंगठ्याला टेकायला जागा द्या, दाबायला नको. उजव्या हाताचा अंगठा दाबला की नळी उजवीकडे जाते.

शेवटी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220. तिथेच थांबा. गुळगुळीत ग्रिप जुलैत साबणासारखी निसटते. टोकदार पंचने बारीक टिंबं मारून पृष्ठभाग खरखरीत करता येतो, पण काचपेपरइतका नको. तसा झाला तर हात चुकीच्या जागी पडला तरी तिथेच अडकतो, सरकून आपल्या जागी बसत नाही.

उघड्या पडलेल्या लाकडाला उकळलेल्या जवस तेलाचा पातळ हात द्या आणि दहा मिनिटांनी पुसून काढा. पावसाळ्यात ते वाळायला चार-पाच दिवस धरा. वार्निश नको, घामाला निसरडं होतं. तेलाची चिंधी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळू द्या. घासताना मास्क लावा, अक्रोडाची आणि इपॉक्सीची धूळ दोन्ही घशाला वाईट.

थ्रीडी प्रिंटवाल्या ग्रिपबद्दल एकच सांगतो: पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं, आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीत केस राहिली तर काचेमागे ते तापमान गाठायला वेळ लागत नाही.

नवा आकार झाला की दोन आठवडे काही बदलू नका, आणि स्पर्धेला महिना उरला असेल तर हे काम सुरूच करू नका. बोल्टच्या डोक्यावरून लाकडावर पेन्सिलची एक रेघ मारून ठेवा. जूनमध्ये लाकूड फुगतं, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत आक्रसतं, बोल्ट सैल होतो आणि शॉट विनाकारण पसरायला लागतात. रेंजवर केस उघडलीत की आधी ती रेघ जुळते का बघा, नसेल तर ॲलन कीने हाताच्या जोराइतकाच आवळा.