बॉयलरचे उतरते प्रेशर आणि थंड रेडिएटर: माझा अनुभव

इंग्लंडमधील रेडिंग येथे आम्ही घेतलेल्या जुन्या घरात गॅसवर चालणारा कॉम्बी बॉयलर आहे. नळाला गरम पाणी तोच देतो आणि बंद नळ्यांमधून फिरणारे पाणी तापवून खोल्याखोल्यांतील रेडिएटरही तोच गरम ठेवतो. पहिल्याच हिवाळ्यात बॉयलरवरील प्रेशरचा काटा वरचेवर 1 बारच्या (बार हे दाबाचे एकक) खाली उतरू लागला, आणि तळमजल्यावरील रेडिएटर वरच्या बाजूला कढत, पण खाली मधोमध गार राहू लागले. रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा अडकलेली असते आणि चावीने ती सोडता येते. खालून गार असेल तर आत गाळ साचलेला असतो.

प्रेशरसाठी जो तो एकच उपाय सांगत होता: फिलिंग लूपची, म्हणजे नळाचे पाणी हीटिंगच्या बंद नळ्यांत सोडणाऱ्या जोडनळीची, तोटी उघडून पाणी भरा. अडीनडीला हे ठीक आहे, परंतु वारंवार केल्यास घातक आहे, कारण प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि त्या गंजाचा काळा गाळ तळाशी बसतो. आमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे, असे मला त्यावरून वाटू लागले.

म्हणून पाणी नेमके जाते कुठे, हे आधी पाहिले. रेडिएटरचे सगळे जोड टिश्यूने टिपून पाहिले. ते कोरडे होते आणि छतावरही कुठे ओल नव्हती. काट्याने मात्र दिशा दाखवली: थंड असताना 1 बारवर असलेला काटा हीटिंग चालू होताच 3 बारपर्यंत चढे. पाणी तापले की सुमारे 3 टक्क्यांनी फुगते आणि ती वाढ सामावून घेण्यासाठी एक्स्पान्शन व्हेसल असते, ज्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबाची हवा असते. ती हवा कमी झाली की दाब वाढत जातो, 3 बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरील तांब्याच्या नळीतून निघून जाते. त्या नळीखाली ठेवलेल्या डब्यात सकाळी पाणी सापडले, तेव्हा शंका उरली नाही.

पुढचे काम बॉयलरच्या आतले होते. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणाचे काम गॅस सेफ (गॅसचे काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे लागते, आणि तिच्या ओळखपत्राच्या मागील बाजूस कोणकोणत्या कामांची परवानगी आहे ते लिहिलेले असते. ते आवर्जून वाचावे. आमच्या इंजिनिअरने व्हेसलच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली, तेव्हा पाणी आले नाही, म्हणजे पडदा शाबूत होता. त्यांनी पाण्याचा दाब काढून व्हेसलमध्ये हवा भरली आणि सुरक्षा व्हॉल्व्हही बदलला, कारण पुन्हापुन्हा उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो नीट बसत नाही. त्यानंतर सर्व नळ्या आणि रेडिएटर धुऊन काढले. बाहेर पडलेले पाणी शाईसारखे काळे होते. परतीच्या नळीवर चुंबकीय फिल्टर बसवला आणि नव्या पाण्यात गंजरोधक इन्हिबिटर घातला.

शेवटी रेडिएटरांमधील पाण्याच्या प्रवाहाचे संतुलन मी स्वतः केले. बॉयलरजवळच्या रेडिएटरांचे लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरमधून जाणारे पाणी कमीजास्त करणारे) थोडे आवळले, म्हणजे लांबच्या खोल्यांनाही पुरेसे पाणी मिळते. आता काटा थंड असताना 1.2 आणि गरम असताना 1.6 बारच्या आसपास राहतो, आणि फिलिंग लूपची तोटी बंदच असते.