फळ्यावरचे आकडे

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आठवी ‘ब’चा फळा उभा राहिला.

१९६६ साल. डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेत, भारत-ब्राझील लढत कलकत्त्याच्या साउथ क्लबवर २-२ अशी अडलेली. शेवटचा सामना आपला रामनाथन कृष्णन आणि ब्राझीलचा थॉमाझ कॉक यांचा. आमच्यातल्या एकानंही तोवर टेनिसचं कोर्ट पाहिलेलं नव्हतं. पीटीच्या सरांनी शिक्षकखोलीतला रेडिओ उचलून वर्गात आणला. इंग्रजी कॉमेंट्री ऐकत ते आम्हाला मराठीत सांगत आणि खडूनं फळ्यावर आकडे मांडत. पहिला सेट गेला, दुसरा आपला, तिसरा १०-१२ असा निसटला. चौथ्यात कॉक ५-२ नं पुढे! अजून एक गेम गेला की सगळंच संपणार. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, बंद करा.” सर काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं तळहातानं २ पुसून त्यांनी ३ लिहिला. मग ४. मग ५. ७-५ लिहिलं तेव्हा त्यांचा हात मनगटापर्यंत पांढरा झाला होता. पाचवा सेट ६-२. भारत पहिल्यांदाच अंतिम फेरीत!

मेलबर्नला ऑस्ट्रेलियानं ४-१ असं हरवलं. आपला तो एक गुण दुहेरीतला. कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश या नावाजलेल्या ऑस्ट्रेलियन जोडीला हरवलं होतं, आणि सरांना त्याचंच अप्रूप.

१९५४ साली विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद मिळवणारा पहिला आशियाई खेळाडू कृष्णन, १९६० आणि १९६१ ला तिथंच त्याची उपांत्य फेरी, ऑस्ट्रेलियाच्या रॉय एमर्सनसारख्या बड्या खेळाडूला सरळ घरी पाठवलेलं, हे सगळं सरांना तोंडपाठ होतं. कृष्णनची सर्व्हिस मात्र मऊ. “जोर कुणीही लावेल रे, चेंडू कुठं ठेवायचा ते बघा,” असं सांगत सर पटांगणात चुन्याची रेघ ओढायचे आणि फळकुटांच्या बॅटी हातात द्यायचे. मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या त्या बॅटीनं माझ्या तळहाताला आलेला घट्टा कॉलेजपर्यंत टिकला.

कृष्णनना घडवलं त्यांच्या वडिलांनी, टी. के. रामनाथन यांनी. पुढे मुलगा रमेश १९७९ मध्ये विम्बल्डनचा ज्युनियर विजेता झाला आणि १९८७ मध्ये डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत खेळला. त्याचा खेळही तसाच, हातात रॅकेट नव्हे तर कुंचला असावा असा. एका घरात तीन पिढ्या एकच खेळ शिकत-शिकवत राहिल्या, याचं मला त्यांच्या पदकांहून जास्त मोल वाटतं. १९९५ मध्ये बापलेकांनी चेन्नईत टेनिस केंद्र काढलं. तेव्हा मी तिथंच नोकरीला होतो. मुलीला त्या केंद्रात घालायचं ठरत होतं, तोच नागपूरला बदली झाली. ती हळहळ अजून जात नाही.

मग नागपुरात मी घरामागच्या गल्लीत चुन्याची रेघ ओढली. मुलीनं पहिलाच चेंडू जीव खाऊन मारला, तो शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. “जोर नको गं,” मी म्हणालो, “कुठं ठेवायचा ते बघ.”